कातरणावरचं ग्रीक

एरंडोल मागं पडलं तशी मी पिशवीतून कार्डांची गड्डी काढली, रबर सोडलं, आणि सहाव्या-सातव्या कार्डाला बोट चिकटलं. दोन कार्डं एकमेकांना धरून बसली होती. ओढली तर टर्रकन आवाज झाला आणि वरच्याचा पापुद्रा खालच्यावर राहिला. कोपऱ्यात दातांच्या खुणा. वरचे तीन, खालचे दोन, आणि मध्ये वाळून पिवळी झालेली लाळ, तिच्यात खिचडीचं एक शीत. शी! मी कार्ड मांडीवर टाकलं आणि ते बोट कुठं पुसावं कळेना. पुढच्या सीटच्या गजाला पुसलं, मग तो गज सकाळपासून किती जणांनी धरला असेल ते मनात आलं आणि तेच बोट ओढणीला पुसलं. खिडकीशी पारोळ्याला चाललेली एक म्हातारी बसली होती, ती मघापासून माझा हा खेळ बघत होती. "काय हुयनं वं माय?" "काही नाही, आजी. कार्ड खराब झालं." तिनं मला न विचारता ते मांडीवरून उचललं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "हाई काय लिखेल शे?" "ग्रीक." "इंग्रजी शे का?" "हो, तसंच." तिचं समाधान झालं. त्याच बोटांनी तिनं पदराच्या गाठीतले भाजलेले शेंगदाणे काढले आणि माझ्या हातावर ठेवले. मी ते खाल्ले नाहीत आणि टाकलेही नाहीत. मुठीत धरून बसले, मुठीला घाम सुटला, दाण्यांची लाल सालं तळव्याला चिकटायला लागली.

तो चावा नानांचा. नाना म्हणजे माझे वडील, धुळ्याचे पितांबर मास्तर. पस्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, आता वय ब्याऐंशी. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं आणि त्याच्याबरोबर वाचा गेली. कळतं सगळं असं डॉक्टर म्हणतात, फक्त शब्द येत नाही. तोंड उघडतं, जीभ आतल्या आत काहीतरी शोधत फिरते, आणि शेवटी लाळ येते. तेव्हापासून माझा दर रविवार जळगाव-धुळे एसटीत जातो. आठवड्यात मला तोच एक दिवस मिळतो. मागच्या रविवारी मी निघताना माझा धाकटा भाऊ भूपेंद्र मला गेटापर्यंत सोडायला आला. गेटापर्यंत तो कधी येत नाही, तेव्हाच मी ओळखलं. तो वरणगावला फॅक्टरीत असतो, सोमवारी पहाटे जातो तो शनिवारी येतो, आई आता नाही, तेव्हा नानांचं सगळं वहिनीवर. वहिनीची कंबर गेली आहे, तेही खरं. "ताई, नानांना आता तू ने. तुला काय, तू एकटीच तर असतेस." मी गेटाची कडी काढली. "आजच सांग असं नाही. पुढच्या रविवारी सांग." तो पुढचा रविवार म्हणजे आज. माझं उत्तर 'नाही' होतं. नुसतं 'नेणार नाही' असं नाही, 'इथून पुढं येणारही नाही' असं. स्टँडवर गाडीची वाट बघताना मी ते वाक्य तीनदा घोळवलं होतं, रडणं मध्ये येऊ नये म्हणून छोटं केलं होतं.

मी जळगावला असलमभाईंच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका टाइप करते. बावीस वर्षं झाली. आधी एका ओळीत गणपती, मग कुलदैवत, मग ज्यांचा कोणाला उपयोग नाही अशी चाळीस नावं, आणि शेवटी 'किलबिल'. या किलबिलीचा मला जितका वीट आलाय तितका जगात कशाचा आला नसेल. दीड वर्षाचं पोर, ज्याला स्वतःचं नाक पुसता येत नाही, ते तुम्हाला म्हणतं, आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं! प्रत्येक पत्रिकेत तेच. आणि गिऱ्हाईक वर तोंड करून विचारतं, ताई, काहीतरी नवीन टाका ना. तर चार वर्षांपूर्वी भडगावची एक पत्रिका होती. प्रूफ पास झालं आणि मग फोन आला की नवरदेवाच्या चुलत्याचं नाव राहिलंय. मी घाईत नाव घातलं, त्या ओळीचा फॉन्ट लावताना माउस यादीत एक घर खाली घसरला, आणि पाचशे पत्रिका छापून गेल्यावर मुलाचे वडील उखर्डू अण्णा एक पत्रिका नाचवत प्रेसमध्ये शिरले. "मना भाऊनं नाव कोठे शे? हाई काय किडामुंग्या छापी ठेवेल शे? भाऊ पहिलेच रुसेल शे, बठ्ठं वाया गयं!" चुलत्याच्या नावाच्या जागी ग्रीक अक्षरं आली होती. असलमभाईंनी हात जोडले, संध्याकाळपर्यंत पाचशे दुसऱ्या छापून दिल्या, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. रद्दीच्या गठ्ठ्यातून मी एक पत्रिका घरी आणली. चूक माझी, अपमान माझा, आणि मी मात्र ती ओळ बघत बसले. इतकी स्वच्छ अक्षरं मी कधी पाहिली नव्हती. तिच्यात कुणाचा मानपान नव्हता, कुणी रुसलेलं नव्हतं.

ग्रीक शिकायचं असं काही मी ठरवलं नाही. आधी नुसती चोवीस अक्षरं. मग इंटरनेटवर एक जुनं इंग्रजी व्याकरण मिळालं, पिवळ्या पानांचं, कुणाच्या तरी अंगठ्याचा फोटो मध्येच आलेलं, ते मी प्रेसच्या प्रिंटरवर काढून घेतलं. रद्द पत्रिका असलमभाई कटिंग मशीनवर कापून द्यायचे, पत्त्यांच्या मापात. "घ्या ताई, तुमच्याच हातचं कातरण. त्या यूनानी हकीमाचं काम पुढं चालू द्या." एका बाजूला कोरं, तिथं मी ग्रीक शब्द लिहायची, त्याच्याखाली बारीक अर्थ. दुसऱ्या बाजूला तुटकं लग्न. चार वर्षांत चौदाशे कार्डं झाली. मागच्या बाजूला काय आहे ते माझ्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. माझे उच्चार चुकत असतील, असू देत. कोणाला माहीत आहेत? शब्दरूपं पाठ झाली तरी वाक्य लागायचं नाही, वाक्य लागलं तरी ते कशाबद्दल आहे कळायचं नाही, आणि एखाद्या संध्याकाळी पोळी लाटताना अचानक कळायचं आणि पोळी तव्यावर जळायची. पहिल्याच धड्यात 'पातेर' आला, म्हणजे बाप. शब्द बघून अंगावर काटाच आला. म्हटलं, घ्या, इथंही आधीच येऊन खुर्ची टाकून बसलेत. पण त्या एका शब्दापलीकडं त्या भाषेत ओळखीचं कोणी नव्हतं. या भाषेत मला शाबासकी देणारा अख्ख्या जळगाव जिल्ह्यात एक माणूस नाही, हीच तिची गोडी होती.

शाबासकीची मला शिसारी आहे. नऊ वर्षांची असल्यापासून आहे. नाना तपकीर ओढायचे. डबीतून चिमूट काढायची, नाकपुडीत दाबायची, डोळे मिटायचे, आणि मग त्या तपकिरी बोटांनी जे हाताला लागेल ते करायचं. शाळा तपासायला येऊन घरी आलेले साहेब असोत की सोयरीक घेऊन आलेले पाहुणे, चहा झाला की हाक यायची. "हेमांगी, ये. देव चालव." मी मधल्या खोलीच्या दारात उभी राहून देवः देवौ देवाः सुरू करायची. मग पाहुणे वा वा करायचे आणि नाना त्याच बोटांनी गुळाचा खडा माझ्या जिभेवर ठेवायचे. गूळ आणि तपकीर. तो वास आजही माझ्या घशाच्या मागं कुठंतरी आहे, गूळ मी पस्तीस वर्षांत खाल्लेला नाही. पाटी पुसायची तर थुंकी लावून, ओल्या रुमालानं नाही. चुकलं तर फूटपट्टी, उभी, बोटांच्या पेरांवर. आणि वाक्य ठरलेलं, 'पालथ्या घड्यावर पाणी'. आई अहिराणीत बोलली की तिला माणसांदेखत दुरुस्त करायचे, म्हणून ती माणसांदेखत बोलायचीच बंद झाली. नाना घराबाहेर पडले की आमच्या घरात बोलणं सुरू व्हायचं. आणि एवढं करून बारावीला मी संस्कृतात तालुक्यात पहिली आले, तेव्हा पेढे वाटले आणि म्हणाले, आता बस. दोंडाईच्याच्या दुकानदारांचं स्थळ आलं होतं. पोपट शिकवला आणि पिंजऱ्यासकट देऊन टाकला.

दोंडाईच्याचं मी सांगत नाही. तीन वर्षं होते, पुरे आहे. पण तिथून मी नानांना एक पत्र लिहिलं, चार पानांचं, की मला घरी यायचंय, मला न्यायला या. शाई फाकली होती. बारा दिवसांनी पाकीट आलं. मी ते न्हाणीघरात जाऊन फोडलं. आत माझंच पत्र होतं. चारही पानांवर लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेले. 'माहीत' हा शब्द मी दोन ठिकाणी चुकवला होता, तो समासात पुन्हा लिहून दाखवला होता. उत्तर नव्हतं. खाली सही नव्हती. मी उलटसुलट करून बघितलं, पाकिटाच्या आतून बघितलं. मग मी स्वतःच निघाले, आणि धुळ्याची गाडी समोर लागलेली असताना जळगावच्या गाडीत बसले. लोक म्हणतात, तो जमानाच तसा होता, आता काय धरून बसायचं? धरून बसलेली नाही मी. लाल शाईच मला धरून बसलीय. आणि तरी बघा, एवढं झालं तरी मनातसुद्धा माझ्यानं त्यांना अरे-तुरे करवत नाही. इतकं पक्कं बसवलंय फूटपट्टीनं.

पारोळ्याला म्हातारी उतरली. उतरताना म्हणाली, "खाई ले वं, दाना शेतस, जहर नही." मी एक दाणा तिच्यासमोर तोंडात टाकला. ती वळल्यावर तो खिडकीतून थुंकला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली, पण उरलेले खाल्ले मात्र नाहीत. धुळ्यापर्यंत मग मी एकही कार्ड वाचलं नाही. हजारावर कार्डांनंतर, तीन-सव्वातीन वर्षांनी, नानांच्या झटक्याच्या आधीच्या रविवारी मी पहिल्यांदा खऱ्या ग्रीक पुस्तकाचं एक पान काढलं होतं. धड्यातलं नाही, शिकणाऱ्यांसाठी सोपं केलेलं नाही, खरं. सकाळपासून दुपारपर्यंत सात ओळी लागल्या. सात! खोलीभर मी एकटीच चालत होते, कुणाला सांगावं कळत नव्हतं आणि सांगायचं नाही याचा आनंद होता. आठवी ओळ पुढच्या रविवारी, असं म्हणून मी पानात खूण घातली. ती खूण अजून तिथंच आहे. माझा रविवार नानांनी खाल्ला. आता सोमवार ते शनिवारही खातील.

धुळ्यातल्या देवपूरच्या घराचा वास गेटापासून सुरू होतो. डेटॉल, उकडलेला भात, आणि त्यांच्या खाली तो, ज्याच्यासाठी डेटॉल आहे. वहिनीनं दार उघडलं, कमरेला पट्टा, हातात वाटी. "बरं झालं आलात ताई. दोन घास खाऊन तोंडच मिटून घेतलंय. तुमच्याच हातनं खातात." हे खोटं आहे, माझ्या हातूनही खात नाहीत, पण ती बिचारी दर रविवारी म्हणते. भूपेंद्र आत मोबाइलवर होता, त्यानं भुवया वर करून 'बोलू मग' अशी खूण केली. नाना पलंगावर उशांना टेकून बसवलेले होते. हनुवटीखाली लाळेरं, बाळाला बांधतात तसं, त्यावर बदकं. उजवा हात मांडीवर मेलेल्या पालीसारखा. आणि नाकाखाली काही नाही. तपकीर बंद होऊन आठ महिने झाले तरी मला तिथं तपकिरी रेघ दिसते. मी वाटी घेतली. एक घास आत गेला, अर्धा बाहेर आला. मी तो चमच्यानं हनुवटीवरून खरवडला आणि पुन्हा आत घातला, त्यांनी गिळला. हे रोज. हे माझ्या दोन खोल्यांत, माझ्या पुस्तकांच्या शेजारी, रोज.

आता जे सांगायचं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. बोलणं शिकवायला सदफ मॅडम नावाची एक मुलगी येते, फार चांगली आहे. तिनं दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं की कार्डं करा, एकावर एक सोपा शब्द, मोठ्या अक्षरात, रोज दहा. पाणी, भात, दार, ऊन. "घाई करू नका, रागवू नका. शब्द आत आहेत, वाट मोडलीय." वहिनी बिचारी तशी कार्डं करून रोज दाखवते. मी रविवारी दाखवायची. आणि एका रविवारी, चार आठवड्यांपूर्वी, माझ्या पिशवीत वहिनीची कार्डं नव्हती, माझीच होती. मी त्यातलं एक नानांच्या डोळ्यांसमोर धरलं. म्हटलं, वाचा. ते बघत राहिले. जन्मभर लोकांची अक्षरं तपासलेला माणूस त्या अक्षरांकडं बघत राहिला, कपाळाला आठ्या पडल्या, जीभ फिरायला लागली, घाम आला. मी म्हटलं, "सोपं आहे, नाना. वाचा." आणि मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, गोड वाटलं, गूळ विरघळावा तसं. मग मी खालच्या आवाजात, वहिनीला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "पालथ्या घड्यावर पाणी." त्यांचे डोळे माझ्याकडं आले. मी दुसरं कार्ड धरलं. असं चार रविवार. ते डाव्या हातानं कार्ड ओढायचे म्हणून मी तो हात माझ्या हाताखाली चादरीवर दाबून ठेवायची. मागच्या रविवारी हात सुटेना तेव्हा त्यांनी मान पुढं काढली आणि कार्ड दातांत धरलं. मी हिसकलं, तसंच गड्डीत खुपसलं आणि घाईनं गाडी पकडली. मला वाटलं होतं, चिडून चावले. बरं झालं, चिडू देत.

अशी मी आहे. नानांची शिसारी येते म्हणते आणि माझ्या तोंडातून निघतं ते वाक्य त्यांचंच, फूटपट्टीसकट. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं पीळ एका दोरीतून दुसरीत गेला होता. आज मात्र कार्डं काढायचीच नाहीत असं मी ठरवलं होतं. नाही म्हणायचं, चहा घ्यायचा, निघायचं. मी वाटी खाली ठेवली आणि तोंड पुसायला रुमाल हवा म्हणून पिशवी उपडी केली तर गड्डीच बाहेर पडली. एसटीत रबर लावायचं राहिलं होतं. कार्डं चादरभर झाली, काही नानांच्या मांडीवर. मी वेचायला वाकले आणि माझे दोन्ही हात त्यात गुंतले, त्यामुळं त्यांचा डावा हात मोकळा होता. तो हात कार्डांवरून फिरला. चाचपत, एक सोडून दुसरं, एक बाजूला सारून तिसरं. मग थांबला. दातांच्या खुणा असलेलं, पापुद्रा गेलेलं ते कार्ड त्यांनी दोन बोटांत पकडलं, थरथरत छातीशी नेलं, हनुवटीखाली लाळेऱ्यावर दाबून धरलं, आणि उलटं केलं.

तेवढंच करायचं होतं त्यांना. मागच्या रविवारीसुद्धा तेवढंच करायचं होतं. हात मी दाबून ठेवला होता, म्हणून दातांनी उलटत होते. मागची बाजू मी चार वर्षांत बघितली नव्हती, आणि नानांनी पहिल्याच दिवशी बघितली असणार, कार्डाच्या पाठीमागून उजेड येऊन छापील मराठी आरपार दिसत असताना. ते कार्ड डोळ्यांसमोर धरून ओठ हलवायला लागले. जीभ वर गेली, खाली आली. मी वाकलेली तशीच राहिले. "या," ते म्हणाले. मग पुष्कळ वेळ काही नाही, नुसता श्वास, आणि लाळेची तार बदकांवर. "या... यचं... हं."

मी कार्ड त्यांच्या हातातल्या हातात वाकून बघितलं. 'लग्नाला यायचं हं!' माझंच टाइप केलेलं. कुठल्याशा लग्नाची किलबिल, मावशी कटिंग मशीनमध्ये गेलेली. आठ महिन्यांनी माणूस बोलला आणि बोलला काय, तर हे. मला इतका राग आला की कानशिलं तापली. ज्या माणसानं माझ्या 'न्यायला या'चं उत्तर दिलं नाही, त्याच्या तोंडून पहिला शब्द निघावा तो हा, आणि तोही माझ्याच हातचा, चाळीस रुपये शेकड्याच्या रद्दीतला. आणि ते माझ्याकडं बघत होते. शब्द वाचून झाला होता, तरी कार्ड खाली ठेवत नव्हते.

"अगं बाई! बोलले! अहो, ऐकलं का, नाना बोलले!" वहिनी दारातच होती. मग सगळा गोंधळ. भूपेंद्र धावत आला, डोळ्यांत पाणी, मला मिठीच मारली. "ताई, तू केलंस! मी म्हणत नव्हतो, ताईच करेल!" त्यानं मोबाइल काढला, मोठ्या मामांना व्हिडिओ लावला, पलीकडून मामी, मामींची सून, सुनेची आई, अशी डोकी एकावर एक जमली. "नाना, इकडं बघा. म्हणा परत. यायचं हं. म्हणा ना. मामा बघताहेत." नानांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. "म्हणा म्हणा. मघाशी कसं म्हटलंत!" पलीकडून सगळे ओरडत होते, या-य-चं, या-य-चं. वहिनीनं स्वयंपाकघरातून साखरेची चिमूट आणली आणि, "पहिलं तोंड गोड करा," म्हणत ती चिमूट त्यांच्या जिभेवर ठेवली. बोटांना हळद लागलेली होती. नाना माझ्याकडं वळले. ती नजर मी ओळखते. आरशात बघून नाही, आतून ओळखते. मधल्या खोलीच्या दारात उभं राहून मी तशीच बघायची, आईकडं, आणि आई पदर सारखा करत आत निघून जायची.

मी नाना आणि मोबाइल यांच्या मध्ये उभी राहिले.  "बंद कर तो मोबाइल!"

"अगं, मामा—"

"बंद कर म्हटलं ना! माणूस आहेत ते. पोपट आहे का घरात?"

भूपेंद्रनं मोबाइल छातीशी धरला. पलीकडं मामी 'काय झालं, काय झालं' करत राहिली, मग तेही थांबलं. वहिनी साखरेची बोटं पदराला पुसत उभी राहिली. मी स्टँडवर घोळवलेलं वाक्य आठवून बघितलं. छोटं होतं, चांगलं होतं, तोंडात तयार होतं. "पुढच्या रविवारी गाडी करून जळगावला आण यांना," मी म्हटलं. "सकाळी आण. दुपारचं ऊन नको. प्रेसच्या वेळेत बसायला एक बाई लागेल, ती तू शोध. आणि माझ्या घरी हा व्हिडिओ-बिडिओ चालणार नाही. कोणी भेटायला येऊन 'बोला बघू' म्हटलं तर त्याला मी दारातून परत पाठवीन, मग तो मामा असो नाही तर कलेक्टर."

"ताई, खरंच? तू रागावलीस का?"

"हो. आता जा दोघं बाहेर."

ते गेले. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट पुढची सगळी वर्षं एकदम नाकात शिरली, चादरी, भांडं, चमचा, कुशीवर वळवताना मानेशी येणारा तो आंबूस श्वास. आठवी ओळ कधी लागेल देव जाणे. मी रुमाल ओला केला आणि त्यांच्या जिभेवरची साखर, ओठांवरची लाळ, हनुवटीवरचा भात पुसून काढला. किळस आली, येऊ दिली. ते कार्ड अजून त्यांनी सोडलं नव्हतं. मी ते घ्यायला गेले तर त्यांनी पुन्हा उलटं केलं, माझी बाजू वर आणली, कार्ड माझ्याकडं सरकवलं आणि डाव्या हाताच्या बोटानं त्या अक्षरांवर टकटक केलं. एकदा. मग पुन्हा. कपाळाला आठ्या होत्या, पण चार रविवारांच्या त्या नाहीत. या मी लहानपणी पाहिलेल्या होत्या, एखादं जुनं, वाळवी लागलेलं पुस्तक हातात आलं की पडायच्या. काय आहे हे? एवढंच विचारत होते.

"थुरा," मी म्हटलं. "म्हणजे दार. ग्रीक आहे, नाना. मी शिकते." घरातल्या कोणापाशी मी हे पहिल्यांदाच बोलत होते, आणि आवाज फाटला. ते माझ्या ओठांकडं बघत होते. त्यांनी स्वतःचे ओठ पुढं काढले, जीभ दातांपाशी आणली, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि त्या 'थ'बरोबर सगळी लाळ, साखरेसकट, माझ्या तोंडावर आली. गालावर, चष्म्यावर, ओठावर. गोड लागली.

मी चष्मा काढला, ओढणीनं तोंड पुसलं, चष्मा परत लावला.

"पुन्हा," मी म्हटलं.